शौचातील रक्त आणि मूळव्याधीचा समज

पेडणे असो वा डिचोली, शौचावाटे रक्त गेले की पहिला संशय मूळव्याधीवर जातो आणि घरगुती उपचारांत महिने निघून जातात. हेच लक्षण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही असू शकते. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून उद्भवतो. त्यास साधारणतः 10 वर्षे लागतात. या काळात पॉलिप सहसा दुखत नाही, ही अडचण. मात्र कोलोनोस्कोपीत आढळल्यास तो बहुतेकदा त्याच वेळी काढता येतो.

सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत 30 वर्षांवरील व्यक्तींची तपासणी होते, ती मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांसाठी. आतड्याचा कर्करोग त्यात नाही. म्हणून डॉक्टरांकडे स्वतःहून विचारणा करणे भाग आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2021 मध्ये तपासणीचे वय 50 वरून 45 वर आणले. आईवडील वा भावंडांना हा आजार झाला असल्यास त्याहून लवकर तपासणी हवी. शौचातील अदृश्य रक्त शोधणाऱ्या चाचणीसाठी नमुना घरीच घेता येतो. रक्त आढळल्यास कोलोनोस्कोपी टाळू नये.

आहाराचाही संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. गोव्याची चोरीस त्याच प्रकारात मोडते. अळसांदे, नाचणी, तांबडी भाजी यांतील तंतू मात्र आतड्यास हितकारक. तंबाखू व मद्य धोका वाढवतात.

पन्नाशीतील पुरुषास रक्तक्षय झाल्यास केवळ लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये; रक्त आतड्यातून झिरपत नाही ना, हे पाहावे.