हायवे नंबर ६ की ५३? भंडाऱ्याच्या महामार्गाबद्दल काय खरं, काय खोटं

भंडारा : लाखनी-साकोलीकडे कोणालाही विचारा, रोडचं नाव ‘हायवे नंबर ६’ असंच सांगतील. कागदावर मात्र २०१० च्या नव्या क्रमांकानंतर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. ६ नंबर आता मेघालय-मिझोरामकडच्या रस्त्याला गेला. नवीन पद्धतीत पूर्व-पश्चिम रस्त्याला विषम आकडा, उत्तर-दक्षिण रस्त्याला सम. म्हणून नागपूरहून जाणारा श्रीनगर-कन्याकुमारी ४४ आणि आपला ५३. ३५३, ७५३ असे तीन आकडी नंबर म्हणजे ५३ च्याच फांद्या.

हा रोड शेरशाहने बांधला, असं काही जण ठासून सांगतात. शेरशाहचा रस्ता बंगालहून पंजाबकडे जाणारा, त्याचा वैनगंगेशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या काळी नागपूर-भंडारा-रायपूर या रस्त्याला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. रायपूर-भिलाईत आजही लोक ‘जीई रोड’च म्हणतात.

वाजपेयींच्या सुवर्ण चतुष्कोनात आपला हायवे आहे, हाही गैरसमज. तो चौकोन दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता असा फिरतो. मुंबई-कोलकाता रस्ता त्याच्या पोटातून तिरपा जातो.

राष्ट्रीय महामार्ग ही कल्पना मात्र आपल्या शेजारीच कागदावर उतरली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही विभागणी त्यांनी ठरवली. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं, हेही त्याच ‘नागपूर योजने’त होतं. पांदण रस्त्यानं चिखल तुडवणाऱ्याला हे वाचून हसू येईल! १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राने घेतली, कायदा झाला १९५६ मध्ये. त्या कायद्याच्या यादीत ६ नंबर धुळ्याजवळून सुरू होऊन कलकत्त्यापर्यंत दाखवला होता, मुंबईपासून नाही.

लढाईत विमानं उतरावीत म्हणून हायवे सरळ ठेवतात, असंही बोललं जाते. तशी धावपट्टी वेगळी, मुद्दाम बांधावी लागते. राजस्थानात बाडमेरकडे ९२५ए महामार्गावर अशी तीन किलोमीटरची पट्टी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज जमिनीचा आहे. ‘घरी नोटीस आल्याशिवाय काही होत नाही’ म्हणून लोक बसून राहतात. १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ए ची अधिसूचना राजपत्रात निघते, तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो. हरकतीचे २१ दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखीच द्यायची, तोंडी सांगून चालत नाही. पुढे ३डी ची घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारच्या नावे होते, मग भांडण उरते ते मोबदल्याचं. तो २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या तरतुदींप्रमाणे ठरतो. रक्कम पटली नाही तर लवादाकडे अर्ज करता येतो. पेपरात अधिसूचना दिसली की आपला गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी जुळवून पाहा. आणि त्यात ५३ लिहिलं असेल तर ‘आपला तर ६ नंबर आहे’ म्हणून पेपर बाजूला ठेवू नका.