गणिताचा उंबरठा : मॅट्रिकपासून आजपर्यंत

आपल्या ज्ञातीतील जुने कागदपत्र चाळू लागले की एक शब्द पुनःपुन्हा दृष्टीस पडतो. तो शब्द म्हणजे ‘नॉनमॅट्रिक’. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख, वर्तन निष्कलंक. पण शिक्षणाच्या रकान्यात हा एक शब्द, आणि त्याबरोबर आयुष्यभराची कारकुनी. प्रस्तुत लेखकाचे वडील त्यांपैकीच एक होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी त्यांना तोंडपाठ असत. दुकानाची चार पानी वही ते कागदाला पेन्सिल न लावता मनात बेरजून सांगत. तरीही मॅट्रिकला ते गणितातच अडले, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे एका विषयातील अपयश हे साऱ्या परीक्षेचे अपयश ठरले. ज्याला हिशेब येत होता तो गणितात नापास कसा झाला, हा प्रश्न आम्हांस लहानपणापासून छळीत आला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच हा अल्प प्रयत्न आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा घेण्यात आली. मॅट्रिक म्हणतात ती हीच. ही परीक्षा मुळात शाळेचा शेवट म्हणून निर्माण झालेली नव्हती. ती विद्यापीठाचा दरवाजा होती. आत येणाऱ्यास पुढील अभ्यासक्रम झेपेल किंवा नाही, एवढेच तिने पाहावयाचे होते. अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती हे त्या दरवाजाचे भक्कम खांब होते. पंतोजींच्या शाळेतील गणित व्यवहाराचे होते, पाठांतराचे होते, तोंडी होते. विद्यापीठास हवे असलेले गणित सिद्धतेचे होते, लेखी होते, आणि ज्या उच्च शिक्षणाची ते तयारी करून घेई त्याची भाषा इंग्रजी होती. दोहोंचे नाव एक, पण जात निराळी. आमच्या वाडवडिलांस गणित येत नव्हते असे नव्हे. त्यांना येत होते ते गणित दरवाजावर विचारले जात नव्हते.

ज्यांनी हा उंबरठा ओलांडला त्यांनी मात्र महाराष्ट्रात गणिताची एक उज्ज्वल परंपरा निर्माण केली. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गुरू लाभलेले लोकमान्य टिळक स्वतः गणिताचे अध्यापक झाले. नामदार गोखल्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले व त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चालले. टिळकांनी महाविद्यालय सोडल्यानंतर १८९१ साली त्यांच्या जागी गणित शिकविण्यास आले ते धोंडो केशव कर्वे. कर्व्यांनी सांभाळून शिकविलेले त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी होत.

परंतु या मालिकेतील कर्व्यांचीच एक गोष्ट येथे स्मरणीय आहे. लहानपणी एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवीत गेले, आणि वयाने फारच लहान दिसता, असे सांगून परीक्षकांनी त्यांना परत पाठविले. पुढे मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडावे लागले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस होते. दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाचा निर्णय नेहमी बरोबरच असतो असे नाही, हे भावी गणिताध्यापकास विद्यार्थिदशेतच कळून चुकले होते.

या दरवाजापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांस सारखी नव्हती, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्ट शब्दांत मांडले. रयतेच्या करातून जमलेला पैसा मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व खेड्यातील प्राथमिक शाळा उपेक्षित राहते, अशी त्यांची तक्रार होती. त्याच निवेदनात, खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांस प्रवेश परीक्षेस बसू देण्याच्या विद्यापीठाच्या धोरणाचे त्यांनी स्वागत केले आणि वरच्या परीक्षांनाही तीच सवलत मागितली. दरवाजा असावा, पण त्याकडे येणाऱ्या वाटा अनेक असाव्यात, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, म्हणजे शेकडा अडतीसही भरत नाहीत. तरीही त्याच्या समाजाने सभा भरवून त्याचा सत्कार केला आणि केळुस्करगुरुजींनी त्यास आपले बुद्धचरित्र भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा आकडेमोडीने भरलेला प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज गुणगौरव समारंभासाठी आपण किमान टक्क्यांची जी रेषा आखतो, ती त्या सभेने आखली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक ज्ञातिसंस्थेने करावा.

उलट उदाहरण श्रीनिवास रामानुजन् यांचे. गणितात ते अद्वितीय, पण इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने एफ. ए.च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, आणि शिष्यवृत्तीही गमावली. १९१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले, तेव्हा कोणी त्यांचे गुणपत्रक मागितले नाही. सारांश, सर्व विषयांत किमान गुणांची अट कधी गणित न येणाऱ्यास अडविते, तर कधी गणितज्ञालाच अडविते.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली आणि परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. आता ती केवळ प्रवेश परीक्षा राहिली नाही. शालान्त परीक्षा झाली. त्या अकरावीच्या काळी सामान्य गणित व उच्च गणित असे दोन मार्ग असल्याचे अनेक वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढे १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांस आवश्यक करावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. हेतू उदात्त होता : मुलगी असो वा मुलगा, खेड्यातील असो वा शहरातील, कोणासही गणितापासून वंचित ठेवू नये. परंतु सर्वांस गणित लावले म्हणजे सर्वांस गणिताचा चांगला शिक्षक मिळतो असे नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी हाच विषय नापासांची फौज उभी करू लागला.

त्यावर वेळोवेळी उपाय झाले. राज्य मंडळात काही वर्षे सामान्य गणिताचा पर्याय आला व गेला. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीस प्रमाण व मूलभूत अशी दोन गणिते ठेवली. मूळ योजनेप्रमाणे मूलभूत गणित घेणाऱ्यास अकरावीत गणिताची वाट सरळ नव्हती, पुढे ती अट शिथिल करण्यात आली. आपल्याकडे वाणिज्य शाखेत गणित किंवा सेक्रेटेरियल प्रॅक्टिस यांतून निवड करता येते. अभियांत्रिकीस बारावीत गणितासह ठराविक विषयांत सर्वसाधारणपणे ४५ टक्के, राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतात. २०२१ साली काही शाखांसाठी गणिताची सक्ती सैल करण्याचा विचार पुढे येताच देशभर वाद झाला. आय. आय. टी.स बारावीत सर्वसाधारणपणे ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या वीस शतमकांत स्थान हवे, मग प्रवेश परीक्षेत क्रमांक कितीही वरचा असो.

या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की गणिताची अट ही निसर्गाची आज्ञा नव्हे. ती माणसांनी घातली, बदलली, सैल केली, पुन्हा आवळली. तीवरून कोणाच्या बुद्धीची किंवा कुळाची किंमत करणे हा अविचार होय. दुसरी अशी की, अट अन्यायाची असो वा न्यायाची, ती आगाऊ ठाऊक असणाऱ्याचे नुकसान कमी होते. पंधराव्या वर्षी ‘गणित सोडले, सुटलो’ असे म्हणणाऱ्या मुलीस, आपण त्याबरोबर कोणकोणते दरवाजे बंद केले, हे सतराव्या वर्षी कळते. तो दोष तिचा नव्हे. तिला वेळेवर न सांगणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे. नववीत असलेल्या पाल्याशी यंदाच्या सुटीत एकदा शांतपणे बसावे. त्याला काय व्हावयाचे आहे ते विचारावे, आणि त्या वाटेस किती गणित लागते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकावरून पडताळून पाहावे. आपल्यात निवृत्त शिक्षक व अभियंते पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तर खेड्यातील मराठी शाळेतल्या मुलांचे बीजगणित पक्के होईल. आणि सत्काराच्या व्यासपीठावर नव्वद टक्केवाल्यांच्या शेजारी, गणितात दोनदा पडून तिसऱ्यांदा पस्तीस गुण मिळविणाऱ्यासही एक खुर्ची असावी.

वडिलांच्या वहीतील बेरजा आम्ही नंतर तपासल्या. एकही चूक सापडली नाही.