जुना कागद शोधताना



जून-जुलै आला की आपल्या वस्तीत धावपळ सुरू होते. पोराचा नंबर लागलेला असतो आणि जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. बाप म्हणतो, "आमच्याजवळ कागदच नाही." माझं म्हणणं असं, की कागद पुष्कळदा असतो; तो कुठं आणि कोणत्या नावानं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

वऱ्हाडचाच इतिहास पाहा. मुलूख निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. पूर्वी सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये बाशीम अकोल्यात आणि एलिचपूर अमरावतीत विलीन झाला. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. माणूस गावातून हलला नाही, पण कागदावरचं सरकार आणि जिल्हा बदलत गेला. वाशीमकडच्या माणसाच्या १९४० च्या कागदावर जिल्हा अकोला दिसला, तर तो कागद दुसऱ्याचा समजून बाजूला ठेवू नये.

माझंच सांगतो. वडिलांच्या जन्माच्या नोंदीसाठी मी एका कचेरीत तीन खेपा मारल्या. "या आडनावाची नोंद नाही," एवढंच उत्तर. मंग वस्तीतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आडनावानं कायले शोधता? त्या काळी आपल्या लोकांचं आडनाव लिहीत कोण होतं?" शेवटी कोतवाल बुकात नोंद निघाली: आजाचं नाव, वल्द पणजाचं नाव, जात महार, मुलगा झाला. मुलाचं नाव नाहीच! गाव आणि साल पक्कं माहीत होतं म्हणून ओळखता आली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेत गेलेल्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलं गेलं. ते अभिमानाचंच आहे. पण त्यामुळे पडताळणीसाठी बापाच्या, आजाच्या कागदापर्यंत मागे जावं लागतं. त्यातले काही मोडीत असतात. वाचणारा शोधावा लागतो.

आणि घरात आजी हयात असेल तर कचेरीत जाण्याआधी तिच्याजवळ बसा. बाळंतपण कुठं झालं ते विचारा. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी व्हायचं, म्हणून नोंदही माहेरच्या गावात सापडते. आमच्या थोरल्या काकांची तशीच दुसऱ्या तालुक्यात निघाली.