समुद्राशी नाते सांगणारे आपले तेर



माझ्या नणंदेची सून अलिबागकडची. गेल्या दिवाळीत ती प्रथमच वाशीला आली. तुळजापूर झाले, येरमाळ्याला येडाईचे दर्शन झाले. मग ती सहज म्हणाली, "मामी, आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही समुद्र दाखवतो, कुलाबा किल्ला दाखवतो. देवदर्शन सोडून तुमच्याकडे काय पाहायचे?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती, पण मला उत्तर सुचेना, याचीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन तेरला गेलो. गोरोबाकाकांच्या समाधीला मी पूर्वी पुष्कळदा गेले होते. पण पाया पडायचे नि परत फिरायचे, एवढेच. या वेळी त्रिविक्रमाचे जुने विटांचे देऊळ आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही पाहिले. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू या गृहस्थांनी जपून ठेवल्या, म्हणून आज त्या आपल्याला दिसतात.

तेथे सातवाहनांच्या काळातील नाणी, मणी, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आणि शंखाच्या बांगड्या आहेत. बांगड्या पाहून सून थबकली. शंख काही तेरणा नदीत मिळत नाहीत. ते समुद्रातूनच यायचे!

तेरचे जुने नाव तगर. सुमारे 2000 वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिकाने समुद्रावरील व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या ग्रंथाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात लिहिले आहे, की भडोच बंदरापासून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेस 10 दिवसांवर तगर नावाचे मोठे नगर आहे. तेथून साधे सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, आडवाटेने भडोचला जाई. पुढे जहाजे ती पश्चिमेच्या देशांत नेत. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट या संशोधकाने 1901 साली दाखवून दिले. पुढे 1958 साली येथे उत्खननही झाले.

लामतुरे यांच्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशाच धाटणीची मूर्ती इटलीतील पॉम्पेई शहराच्या अवशेषांत 1938 साली सापडली. ते शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. ती मूर्ती आपल्याच मुलखातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

व्यापाऱ्यांची व राजांची नावे इतिहासात येतात. पण त्या गाड्यांतील कापडाचे सूत कातताना किती बायाबापड्यांची बोटे दुखली असतील, ते कोण लिहिणार? त्यांनी समुद्र कधी पाहिलाही नसेल. त्यांच्या हातचे कापड मात्र समुद्रापार गेले.

परत येताना सून म्हणाली, "मामी, समुद्र आमचा खरा, पण जहाजात भरायला माल तुमचाच होता की!" माझी लाज तेथेच गेली.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. पाहुणे आले की त्यांना तेर दाखवा, मुलांनाही न्या. शेतात जुने नाणे किंवा मूर्ती सापडली, तर ती विकू नका, फेकू नका; तहसील कचेरीत कळवा. लामतुऱ्यांनी जपले म्हणून आपण पाहिले. आपण जपले तर आपल्या नाती पाहतील.