डिस्कचे आडनाव

हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या संगणकप्रणालीची वार्ता जाहीर केली. एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कोणतीही तिच्यात बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याजवळ तेवढीच आहे, असेही त्याने सांगून टाकले. ही प्रणाली म्हणजे लिनक्स. तिचे भाकीत खोटे ठरले. डिस्कचे प्रकार वाढले आणि प्रत्येकाबरोबर नवे नाव आले. या नावांचा माग मी गेली काही वर्षे जुन्या आवृत्त्यांमधून आणि त्यांच्या माहितीपत्रांमधून काढतो आहे. कारण नाव चुकले तर कुणाची तरी साठवण पुसली जाते.

नव्वदच्या दशकात दोन घराणी ठळक होती. घरगुती संगणकातील आयडीई डिस्कला 'एचडीए', 'एचडीबी' अशी नावे मिळत. शेवटचे अक्षर ती कोणत्या केबलवर, कोणत्या जागी जोडली आहे ते सांगे. सातारकर, पुणेकर या आडनावांसारखेच हे, ठिकाणावरून पडलेले. महागड्या यंत्रांतील स्कझी डिस्क मात्र 'एसडीए', 'एसडीबी' होत. येथे अक्षर ठिकाणाचे नव्हते. जी आधी सापडली ती 'ए'. दवाखान्यातल्या टोकनसारखे.

माणूस समोर बसून लिनक्स बसवत होता, तोवर हा भेद निभावून गेला. पडद्यावर पाहून डिस्क निवडता येई. पण शंभर यंत्रांपुढे शंभर माणसे कोण बसवणार? म्हणून रेड हॅटने 'किकस्टार्ट' आणली, डेबियनने 'प्रीसीड'. दोन्हींत उत्तरे आधीच एका फाइलीत लिहायची : भाषा कोणती, वेळ कोणती, आणि कोणती डिस्क पुसून तिचे विभाग पाडायचे. या शेवटच्या उत्तराने नावाचे रूपांतर हुकमात झाले.

मे २००७ मध्ये फेडोरा ७ आली आणि तिच्यात आयडीई डिस्कही 'एसडी' घराण्यात गेल्या. जुन्या फाइली 'एचडीए' शोधत अडून बसत. अडणे परवडले, खरा धोका निराळा होता. यूएसबी पेन ड्राइव्हसुद्धा 'एसडी'च. त्यामुळे 'एसडीए' म्हणजे यंत्रातील डिस्क, की खोचलेला पेन ड्राइव्ह, की माहितीने भरलेली दुसरी डिस्क, हे त्या वेळी कोण आधी सापडले यावर ठरू लागले. नाव तेच, वस्तू वेगळी.

पुढे आभासी यंत्रांत 'व्हीडीए' आली. २०११ मध्ये एनव्हीएमईचे पहिले मानक निघाले, पुढच्याच वर्षी लिनक्सने ते स्वीकारले, आणि नाव झाले 'एनव्हीएमई०एन१'. तिच्या पहिल्या विभागासाठी नुसता '१' नव्हे, 'पी१' जोडावा लागतो. नावापुढे आकडा चिकटवून काम भागवणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट तेथे अडखळल्या.

यावर उपायही निघाले. किकस्टार्टमध्ये डिस्कला हात लावण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट चालवता येते. ती यंत्रात काय आहे ते पाहून विभागांच्या सूचना लिहिते. डेबियनचे मार्गदर्शन सापडलेल्या डिस्कच्या यादीतील पहिली घेण्याची युक्ती देते. पण तेही अखेर टोकनच. २००३ मध्ये आलेल्या यूडेव्हने डिस्कला मॉडेल आणि अनुक्रमांक यांवरून स्थिर नाव देण्याची सोय केली. हे तिचे स्वतःचे नाव. अडचण एवढीच, की ते प्रत्येक यंत्रात वेगळे. शंभर यंत्रांची एक फाइल त्यावर चालत नाही.

म्हणून मला वाटते, फाइलीत नाव न लिहिता अटी लिहाव्यात : डिस्क काढती-घालती नसावी, अपेक्षित आकाराची असावी, आणि अशी नेमकी एकच सापडावी. शून्य किंवा दोन सापडल्या तर यंत्राने काहीही न पुसता थांबावे. समोर बसलेला माणूस अशा वेळी थांबून विचारत असे. त्याला खुर्चीवरून उठवताना त्याची ही सवय फाइलीत उतरवायची राहून गेली होती.