निरक्षर वृद्धांच्या स्मृतीची मोजणी

मार्शल फोल्स्टीन व सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेली तीस गुणांची चाचणी वृद्धांची आकलनक्षमता, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा व स्थळकाळाचे भान, तपासण्यासाठी जगभर रूढ झाली. परंतु तिच्यात वाचन, लेखन व वजाबाकी असल्याने निरक्षर व्यक्ती आजार नसतानाही मागे पडे. हा दोष टाळण्यासाठी हरियाणातील बल्लभगड येथील संशोधकांनी वाचनाऐवजी अनुकरण आणि लेखनाऐवजी बोलणे घेऊन हिंदी चाचणी सिद्ध केली व ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे देशपातळीवरील एका स्मृतिभ्रंश अभ्यासानेही तिचा आधार घेतला. याच न्यायाने महाड तालुक्यातील शिवथरसारख्या डोंगरी गावांतही वृद्धांची तपासणी त्यांच्या बोलीत, शिक्षण लक्षात घेऊन आणि घरच्यांकडून दैनंदिन व्यवहारांची माहिती मिळवूनच व्हायला हवी.