समशोधन

बीजगणिताची आठवण काढली म्हणजे बहुतेक वाचकांस एकच वाक्य स्मरतें : संख्या बाजू बदलून गेली कीं तिचें चिन्ह बदलतें. कां बदलतें, हें सांगणारे थोडेच. गोंदियास आमच्या वर्गांत आमगांव-तिरोड्याकडून येणारीं मुलें हुशार असतात; परंतु हा प्रश्न विचारतांच तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आम्हीं स्वतः शाळेंत तो विचारला, तेव्हां 'नियमच तसा आहे' एवढेंच उत्तर मिळालें होतें.

वास्तविक हा विषय आमच्याकडे फार पूर्वीं नीट मांडला गेला आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत (इ. स. ११५०) अज्ञात राशीस 'यावत्तावत्' व ज्ञात संख्येस 'रूप' म्हटलें आहे. त्यांतील एक उदाहरण असें : एकापाशीं सहा घोडे व तीनशें रूपें आहेत, दुसऱ्यापाशीं दहा घोडे, पण शंभर रूपांचें ऋण. घोडे सर्व एका मोलाचे आणि दोघांची संपत्ति सारखी, तर एका घोड्याचें मोल काय? (त्या काळीं घोडा खरोखर काय भावानें मिळे, तो विचार निराळा.) दोन्ही पक्ष एकाखालीं एक मांडावे, ऋणाच्या अंकावर बिंदु द्यावा. मग दोहोंकडून सहा-सहा घोडे वजा केले, कीं एकीकडे तीनशें रूपें उरतात व दुसरीकडे चार घोडे आणि शंभराचें ऋण. तें ऋणही दोहोंकडून वजा करावें. ऋण वजा करणें म्हणजेच तितकें धन मिळविणें. चार घोड्यांस चारशें पडलीं, एकास शंभर. येथें कोणतीही संख्या उडी मारून पलीकडे गेली नाहीं. या क्रियेस समशोधन म्हणतात.

या ग्रंथावर 'बीजपल्लव' ही टीका इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञांनीं लिहिली. त्यांचें घराणें आमच्याच विदर्भांतलें, पयोष्णीतीरावरील दधिग्रामचें. वडील बल्लाळ काशीस जाऊन राहिले. सूत्र देऊन कृष्ण थांबत नाहींत, उपपत्ति देतात : समान राशींत समान मिळविलें किंवा त्यांतून समान वजा केलें, तरी समता ढळत नाहीं. अरबांकडेही हेंच. नवव्या शतकांत बगदादेस अल्-ख्वारिज्मीनें उणें पद भरून काढण्यास 'अल्-जब्र' आणि सारखीं पदें दोहोंकडून काढण्यास 'अल्-मुकाबला' म्हटलें. त्यांतील पहिल्या शब्दावरूनच युरोपांत सबंध शास्त्राचें 'अल्जिब्रा' हें नांव पडलें.

बाजू बदलण्याचा नियम म्हणजे समशोधनाची मधली ओळ गाळणें, इतकेंच. जाणत्यानें ती खुशाल गाळावी. परंतु ज्यास ती ओळ कधीं दाखविलीच नाहीं, तो चार घोडे चारशेंचे इथवर येऊन तो चारही पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि घोड्याचें मोल तीनशें शहाण्णव सांगतो. अशा उत्तरपत्रिका आम्हीं दरवर्षीं तपासतों, आणि गुण कापतांना हात अडखळतो. कारण त्यानें शिकविलेला नियम पाळलाच आहे.

हल्लीं आम्ही फळ्यावर आधीं तराजू काढतों. गोंदियांत तांदळाच्या गिरण्या पुष्कळ. वजनकाटा मुलांस अपरिचित नाहीं. गेल्या वर्षीं गिरणींत काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीस आम्हीं विचारलें, "दोन्ही पारड्यांतून पांच-पांच किलो काढले, तर काय होईल?" ती म्हणाली, "सर, दोन्हीकडून सारखंच काढलं, तर काटा हलेल कशाला?"